पत्रादेवीच्या अलीकडे

बांद्याहून पत्रादेवीला पायी जाता येतं. तिथून पुढे गोव्याचा पेडणे महाल. १७८८ साली तो सावंतवाडीकरांच्या हातून पोर्तुगीजांकडे गेला. सोयरिकी मात्र चालूच राहिल्या. माझ्या आजीचं माहेर त्याच महालातलं.

१५ ऑगस्ट १९५५ची गोष्ट ती पावसापासून सुरू करी. घराघरांच्या पडवीत गोवा मुक्त व्हावा म्हणून देशभरातून आलेले सत्याग्रही, आणि त्या गर्दीत गळ्यात कॅमेरे अडकवलेले काही परदेशी बातमीदार. "गोरे साहेब इल्ले, आता जगाक कळतला," असं जो तो म्हणे. झेंडे घेतलेले निःशस्त्र लोक हद्द ओलांडू लागले आणि पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या झाडल्या. पंजाबचे कर्नैलसिंग बेनिपाल तिथेच गेले. मध्य प्रदेशच्या सहोद्राबाई राय गोळ्या लागूनही झेंडा सोडीनात. आमच्या पडवीत आणलेल्या एका उत्तरेकडच्या पोराला भात गिळवेना, तेव्हा चपातीसाठी गावभर गहू कसे धुंडाळले, हे आजी गोळीबारापेक्षाही रंगवून सांगायची.

जगाला कळलं. बातम्या छापून आल्या, पण पुढे हाललं काहीच नाही. नाकेबंदी कडक झाली, सप्टेंबरात दिल्लीने सत्याग्रहच थांबवला आणि आजीचं माहेर बंद झालं. तिचा भाऊ वारला ते तिला दिवस उलटल्यावर समजलं.

आजोबा शाळामास्तर. मुंबईची वर्तमानपत्रं शिळी होऊन आली तरी अथपासून इतिपर्यंत वाचत. त्या डिसेंबरात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या मंत्र्यांबरोबर निवेदन काढलं. त्यात गोवा हा पोर्तुगालचा प्रांतच धरलेला. पोर्तुगाल 'नाटो'त, अझोर्स बेटांवर अमेरिकेचा विमानतळ, आणि नेमके तेव्हा सोव्हिएत नेते बुल्गानिन-ख्रुश्चेव्ह भारतात फिरत गोव्याबाबत भारताच्या बाजूने बोलत होते. पत्रादेवीला सांडलेलं रक्त या हिशेबात कुठेच धरलेलं नव्हतं. आजीचा शेरा रोकडा: "तेंका काय, तेंचा म्हायार थोडाच हा थंय?"

१९६१च्या डिसेंबरात भारताचं सैन्य गोव्यात शिरलं, दोन दिवसांत सारं आटोपलं, आणि लंडन-न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांना कंठ फुटला. शांतीचे धडे देणारे नेहरू ढोंगी ठरले. टोमणा अगदीच फुकाचा नव्हता, हे मला मान्य आहे. जगाला उपदेश करण्याची आपल्या पुढाऱ्यांना खोड होतीच. पण सहा वर्षांपूर्वी रिकाम्या हातांनी गेलेल्यांना काय मिळालं होतं? लिस्बनची तऱ्हा तर औरच. न झालेल्या घनघोर लढायांची वर्णनं तिथे छापली जात होती, आणि इकडे गव्हर्नर वासालु इ सिल्वा यांनी हुकूमशहा सालाझारचा 'मरेपर्यंत लढा' हा हुकूम बाजूला ठेवून १९ डिसेंबरला शरणागतीवर सही केलेली. त्या शहाणपणाबद्दल त्यांना पुढे सैन्यातून काढून टाकलं.

सुरक्षा परिषदेत भारताविरुद्धच्या ठरावाला सात मतं पडली. विरोधात सोव्हिएत संघ, सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक, म्हणजे इजिप्त. सोव्हिएत नकाराधिकाराने ठराव पडला, तरी आजोबांना कौतुक सिलोन आणि लायबेरियाचंच. नकाशा काढून त्यांनी वर्गात पोरांना लायबेरिया दाखवला म्हणे.

पोर्तुगालने गोवा भारताचा असल्याचं मान्य केलं ते १९७४च्या अखेरीस, तेही त्यांच्याच सैनिकांनी हुकूमशाही उलथल्यावर. तोवर माझी धाकटी आत्या पेडण्यात नांदायला जाऊन तिची पोरं शाळेत जाऊ लागली होती.