पावसाळ्याची वाट

आमच्या गावाला बाहेर पडायला पूर्वी दोन वाटा होत्या. एक उघाडीची, दुसरी पावसाळ्याची. आता एकच आहे, डांबरी. दुसरी कुठं गेली हे मला चांगलं माहीत आहे, कारण तिचा एक तुकडा माझ्याच रानात गेला.

गाव मोहोळ तालुक्यात, सीनेच्या पश्चिम अंगाला. सीना नगरकडून येते, करमाळा, माढा, मोहोळ करत खाली दक्षिण सोलापुरात हत्तरसंग कुडलला भीमेला मिळते. काठची जमीन काळी, विहीर खणताना दोन पुरुष खाली गेलं तरी काळीच लागते. मालदांडी ज्वारी तिच्यात अशी येते की नुसत्या दहिवरावर पोसते. पण हीच माती रस्त्याची वैरीण. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, वासराचा पाय अडकावा एवढ्या. पाऊस झाला की तीच माती फुगते. मग गाडी घातली की चिखल चाकाच्या आऱ्यांत भरतो, चाक ढोलासारखं गच्च होतं आणि फिरायचं सोडून घसटत चालतं. गाडीत खुरपं ठेवायचे ते त्याच्यासाठी. पन्नास पावलं चाललं की थांबायचं, चाकं खरवडायची, पुन्हा पन्नास पावलं.

म्हणून दोन वाटा. उघाडीची वाट गावातून सरळ नदीकडं उतरायची, उताराला पाणी गुडघाभर असायचं, गाडी त्यातनंच पलीकडं काढायची आणि तिथून सोलापूर गाठायचं. जवळची वाट. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याला आमच्या गाड्या त्याच वाटेनं जायच्या. पावसाळ्याची वाट उलटी, पश्चिमेला. गावाच्या मागनं माळावर चढायची आणि मुरमाड रानाच्या कडेकडेनं मोहोळला. दीडपट लांब, पण एकही ओढा आडवा येत नसे. आषाढीला पंढरपूरला जाणारी माणसं त्या वाटेनं. जुने लोक गमतीनं म्हणायचे, सिद्धरामाला जायचं तर नदीला विचारावं लागतं, विठोबाला जायचं तर कुणालाच नाही.

मालाचंही तसंच. आगगाडी १८६० साली सोलापूरपर्यंत आली, मोहोळला स्टेशन झालं. आजोबा सांगायचे, पावसाळ्यात धान्य न्यायचं तर कोणी सोलापूरची वाट धरत नसे. मोहोळ स्टेशनला पोती टाकायची आणि तिथनं रेल्वेनं. भाडं पडलं तरी बैल मरण्यापेक्षा बरं.

कोणत्या दिवशी कुठली वाट धरायची हे आमचे आप्पा ठरवायचे. त्याला पंचांग लागत नव्हतं. सकाळी पांदीच्या तोंडाशी जायचे आणि बैल हाकायची पराणी मातीत खुपसायचे. एक वीत गेली तर जोडी जुंपायची. हातभर गेली तर माळावरनं. मधल्या मापाला मात्र ते घोटाळायचे, आणि अशाच एका दिवशी आमची भरली गाडी नदीच्या अलीकडं फसली. दोन बैलांपुढं भावकीची आणखी दोन जोडली तेव्हा निघाली. घरी आल्यावर आप्पा एवढंच म्हणाले, "लांबची वाट लांब न्हाई, फसलेली लांब."

आता नकाशाचं सांगतो. आमच्याकडची जमीन मोजली इंग्रजांनी. शेजारच्या इंदापूर तालुक्यात १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन साहेबांनी मोजणी आणि साऱ्याची पद्धत बसवली आणि पुढं ती मुंबई इलाख्यात सगळीकडं गेली. साखळी तेहेतीस फुटांची, तिचे सोळा आणे. गाव नकाशात पायवाट एका तुटक रेघेनं दाखवतात, रुंदी सव्वाआठ फूट, म्हणजे पाव साखळी. गाडीवाट दोन तुटक रेघांनी, साडेसोळा फूट म्हणजे अर्धी साखळी आणि वर काही. हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही. दहावी झालो तरी गावचा नकाशा कसा वाचायचा हे माहीत नव्हतं. ते पुढं तंट्यापायी शिकलो. तर आमच्या नकाशात पावसाळ्याची वाट दोन तुटक रेघांनी दाखवलेली आहे. अजूनही आहे. कागदावरनं ती कुठं गेलेली नाही.

मग १९७२ चा दुष्काळ आला. मी तेव्हा अकरा वर्षांचा. सोलापूर जिल्ह्यात त्याआधीची सालंही ओढीचीच होती, पण त्या वर्षी विहिरींना तळ दिसला. अमेरिकेतनं आलेली मिलो ज्वारी रेशनला मिळायची, तांबडी, भाकरी थापली तर कडा फुटायच्या. पोरांना सुकडी मिळायची. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. गावोगाव दुष्काळी कामं निघाली. नालाबंडिंग, पाझर तलाव आणि सगळ्यांत जास्त म्हणजे खडी फोडायची आणि रस्ते करायचे. वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना याच सुमाराला राज्यभर कामाला लागली, तिचा कायदा पुढं १९७७ साली झाला.

आमच्या गावालाही रस्ता मंजूर झाला. गाव ते पुणे-हैद्राबाद हमरस्ता. माझी आई त्या कामावर होती. दगड पुढ्यात घेऊन बसायचं, हातोडीनं फोडायचा, खडीचा ढीग लाकडी मापानं मोजून द्यायचा. बोटाला चिंधी बांधलेली असायची, ती संध्याकाळी सोडली की खालचं कातडं चिंधीबरोबर यायचं. मी शाळा सुटल्यावर पाण्याची कळशी घेऊन जायचो आणि तिच्या शेजारी बसून बारके दगड फोडून द्यायचो. ते मापात धरत नसत. ती ते हळूच ढिगात ढकलायची.

रस्ता कुठनं न्यायचा याची आखणी झाली तो दिवस मला आठवतो. मोजणीला आलेल्या साहेबांनी नदीच्या कडेकडेनं रेघ धरली. सरळ, सपाट, कमी लांबीची. मध्ये एक ओढा होता, त्याला नळ्या टाकायच्या ठरल्या. आमचे आप्पा आणि आणखी दोन म्हातारे पुढं झाले. म्हणाले, साहेब, इथं पाणी येतं. रस्ता माळावरनं घ्या, मोहोळकडं.

साहेबांनी नदीकडं बघितलं. पात्रात नुसती वाळू, त्यात झिरे खणून बाया वाटीवाटीनं पाणी भरत होत्या. ते म्हणाले, "पाणी कुठं आहे?"

कोण काय बोलणार? आणि खरं सांगायचं तर गावालाही तोच रस्ता हवा होता. माळावरचा मुरूम खणायला अवघड आणि तिथं काम लवकर संपलं असतं. काळ्या रानात भर टाकायला जास्त दिवस लागणार होते. जास्त दिवस म्हणजे जास्त पगार. आप्पा गप्प बसले ते याचमुळं, असं मला पुढं वाटायला लागलं. रोजाला दोन-अडीच रुपये हातात पडत होते आणि घरात खाणारी सात माणसं होती. पाणी नसलेल्या वर्षी आखलेला रस्ता, पाणी नाही असं धरून आखला गेला. त्यात एकट्या साहेबांचा दोष म्हणता येत नाही.

रस्ता झाला. आधी नुसती खडी आणि मुरूम, मग एस. टी. आली, मग बऱ्याच वर्षांनी डांबर पडलं. मोटारसायकली आल्या. सोलापूर जवळ आलं. माळावरनं कोण जाणार? पावसाळ्याच्या वाटेवर आधी तरवड उगवला, मग बाभळी.

उजनी धरण १९८० साली पुरं झालं. डाव्या कालव्याचं पाणी आमच्याकडं यायला आणखी बराच काळ गेला, पण आलं आणि ज्वारीच्या रानात ऊस उभा राहिला. मुरमाड माळाला तलावातला गाळ वाहून टाकला, तिथंही ऊस. आणि उसाला सरी लांब लागते. माझ्या वरच्या तुकड्याला लागून ती वाट होती. १९९६ साली मी ट्रॅक्टर लावून बाभळी काढल्या आणि चार सऱ्या वाटेत घातल्या. कुणी काही बोललं नाही, कारण माझ्या आधी खालच्यानं दोन घातल्या होत्या. पुढच्या साली मी आणखी चार घातल्या. वाट राहिली पायवाटेएवढी. माझा थोरला चुलतभाऊ, तात्या, त्याचं रान माझ्या पलीकडं. त्याला बैलगाडी न्यायला तीच वाट. त्यावरनं आमची भांडणं झाली. तो तहसीलला गेला. मामलेदार कोर्टाचा १९०६ चा कायदा आहे, वहिवाटीची वाट अडवली तर त्यातल्या पाचव्या कलमाखाली अर्ज करता येतो. नकाशा वाचायला मी शिकलो तो तेव्हा, आणि शिकून काय केलं, तर रेघ कुठं अंधुक आहे ते शोधलं. तारखा पडत राहिल्या. शेवटी तात्या कंटाळला आणि दुसऱ्याच्या बांधावरनं ये-जा करू लागला. सात वर्षं आम्ही एकमेकांच्या दारात गेलो नाही. नंतर लग्नकार्यात बोलणं झालं, वाटेचा विषय दोघांनीही काढला नाही.

डांबरी रस्त्याचं मात्र जे व्हायचं ते होत राहिलं. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर हंगामभर जातात, खाली काळी माती, ती दर पावसाळ्यात फुगणार आणि उन्हाळ्यात आकसणार, वर डांबराचा पापुद्रा किती टिकणार? दिवाळीला खड्डे बुजवतात, शिमग्याला पुन्हा ते आहेतच. आम्ही चुकवून चालवायला शिकलो. कुठल्या खड्ड्याला डावीकडनं जायचं, कुठं रस्ता सोडून कुणाच्या बांधावर चढायचं. नदीवरचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे पाणी अडवायला बांधलेले, पण त्यांच्यावरनं मोटारसायकल घालून पलीकडं जाणारी पोरं मी रोज बघतो. कठडा नाही, शेवाळ आहे. पण पंधरा किलोमीटर वाचतात. आप्पांची पराणी गेली, हिशेब तोच राहिला. फरक एवढाच की आप्पा लांबची वाट धरायचे आणि आम्ही जवळची.

ऑक्टोबर २०२० ला मोठा पाऊस झाला तेव्हा एक रात्र ओढ्यावर पाणी होतं. सकाळी उतरलं, आम्ही विसरलो.

२०२५ च्या सप्टेंबरात घट बसले त्याच आठवड्यात सीना चढली. वर सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी, सगळ्या धरणांतनं पाणी सुटलं होतं. लांबोटीच्या पुलावर पुणे-सोलापूर महामार्ग बंद झाला. मंगळवेढ्याकडचा तिऱ्ह्याचा पूल, विजापूर रस्त्यावरचा वडकबाळचा पूल, तिथंही तेच. आमचा डांबरी रस्ता तर पहिल्याच रात्री गेला. जिथं म्हाताऱ्यांनी बोट दाखवलं होतं, बरोबर तिथं दोन माणसं पाणी होतं.

तात्याला तीन वर्षांपासून डायलिसिस आहे. आठवड्यातनं दोनदा सोलापूरला नेतात. एक वार चुकला होता. दुसऱ्या वारी सकाळी त्याचा पोरगा माझ्या दारात आला. पाय सुजलेत, दम लागतोय म्हणाला. पंढरपूरला सोय होईल असं फोनवर कळलं होतं. मोहोळपर्यंत गेलं की पुढं पालखी मार्ग चालू होता. पण मोहोळपर्यंत जायचं कसं? त्यानं सरळ विचारलं नाही. म्हणाला, "आबा, माळावरनं ट्रॅक्टर निघंल का?"

मी कोयता घेतला. माझी दोन्ही पोरं, त्याचा पोरगा आणि गल्लीतली चार माणसं. आडसाली ऊस होता, चौदा महिन्यांचा, वाऱ्यापावसानं लोळलेला. उभा ऊस तोडायला सोपा, लोळलेला वेटोळं घालून बसलेला असतो. आम्ही आठ सऱ्या तोडल्या, त्या आठच. तोडलेला ऊस सऱ्यांत आडवा टाकला, म्हणजे चाक रुतणार नाही. दोन तास लागले. खालच्यानं आपल्या दोन सऱ्या तोडू दिल्या, पण दाराशी उभा राहून टिपऱ्या मोजत होता.

ट्रॉलीत गादी टाकून तात्याला बसवला. वर ताडपत्री. मी ट्रॅक्टरच्या पुढं काठी घेऊन चालत होतो. जागोजाग काठी खुपसून बघत होतो. गाळ टाकलेल्या जागी ती हातभर जायची आणि जिथं जुना मुरूम अजून उघडा होता तिथं बोटभरसुद्धा जात नव्हती. मुरमावर आल्यावर ट्रॅक्टरचा आवाज बदलला. तात्यानं ताडपत्रीतनं डोकं बाहेर काढलं आणि म्हणाला, "ही आपली वाट." त्यावर मी काही बोललो नाही.

मोहोळला जीप मिळाली. दुपारी त्याला पंढरपुरात मशीनला लावलं.

पाणी उतरलं, डांबरी रस्ता ओढ्याजवळ वीस-पंचवीस फूट वाहून गेला होता, तो मुरूम टाकून चालू केला. पाणंद रस्त्यांची सरकारी योजना २०२१ पासून आहे, माळाची वाट तिच्यात घाला म्हणून ग्रामसभेत अर्ज दिला. सही सगळ्यात आधी माझी आहे. खालच्यानं अजून केलेली नाही, मोजणी होऊ द्या म्हणतो, आणि त्याला ते म्हणायला मीच शिकवलेलं आहे.

त्या आठ सऱ्यांत दिवाळीनंतर खोडवा फुटला, हिरवागार, गुडघ्याएवढा. पोरगा म्हणाला, आणखी एक साल राहू द्या, आयता ऊस आहे. मी नांगर लावून बुडखे काढले. तात्याचा पोरगा आता त्याच वाटेनं मोटारसायकल नेतो. तात्याला मात्र सोलापूरलाच नेतात, डांबरीनं, ते जवळ पडतं.