देशमुख, चिंतामण द्वारकानाथ
(१४ जानेवारी १८९६ – २ ऑक्टोबर १९८२). भारताचे अर्थमंत्री व रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. जन्म तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील नाते येथे. मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती पटकावून केंब्रिजला वनस्पतिशास्त्रात प्रावीण्य मिळविलेल्या आणि पुढे सनदी नोकरीत मुलकी कारभार पाहिलेल्या या विद्वानाकडे १९४३ मध्ये बँकेची व १९५० मध्ये देशाच्या खजिन्याची सूत्रे आली. राज्यपुनर्रचनेच्या वेळी मुंबई शहर केंद्रशासित करण्याचा निर्णय मंत्रिमंडळापुढे रीतसर न येताच जाहीर झाला, असा आरोप लोकसभेत करून त्यांनी १९५६ मध्ये राजीनामा दिला. चळवळीचा पिंड नसलेल्या प्रशासकाचे हे धैर्य विलक्षणच म्हटले पाहिजे. नंतर विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष व दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. मेघदूताचा मराठी अनुवादही त्यांनी केला.