जुना चेहरा, नवं यंत्र: पडद्यावरून काळ ठरवताना

आज माझ्या एका चुकीपासून सुरुवात करते. तुम्ही संशोधनाच्या वाटेवर नवीन असाल तर ती तुमच्या कामी येईल.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या डीटीपी-झेरॉक्सच्या दुकानांत मराठी टायपिंग कसं रुजलं, हा माझ्या प्रबंधाचा एक भाग आहे. इंदापुरातल्या एका दुकानदारकाकांनी मला जुने फोटो दाखवले. त्यातल्या एकावर तारीख नव्हती. टेबलावर संगणक, पडद्याच्या तळाशी करडी पट्टी, डाव्या कोपऱ्यात चौकोनी ‘स्टार्ट’. मी लगेच वहीत लिहिलं: ‘विंडोज ९८ किंवा २०००. फोटो साधारण २००० सालचा.’ एवढ्यावर थांबले असते तरी ठीक होतं, पण मी त्या फोटोवर दोन पानं लिहून काढली. तालुक्याच्या गावात संगणक किती लवकर पोचला वगैरे.

मार्गदर्शकांनी मसुदा वाचून एकच शब्द विचारला: “कशावरून?”

फोटो मोठा करून पाहिला. तळपट्टीवर नावं नसलेली मोठमोठी चित्रं होती आणि घड्याळाच्याही उजवीकडे, अगदी टोकाला, एक चिंचोळी उभी पट्टी. ही पट्टी विंडोज ७ ची. विंडोज ७ बाजारात आलं २२ ऑक्टोबर २००९ ला. म्हणजे माझा अंदाज निदान नऊ वर्षांनी चुकला होता आणि ती दोन पानं गेली.

मग तो पडदा जुना का दिसत होता? काकांनी तो मुद्दाम तसा केला होता, म्हणून.

एका चेहऱ्याचा इतिहास

‘स्टार्ट’चं बटण आणि तळाची पट्टी आली ती विंडोज ९५ बरोबर, २४ ऑगस्ट १९९५ ला. तो करडा चेहरा विंडोज ९८ आणि २००० मध्ये जवळपास तसाच राहिला. २५ ऑक्टोबर २००१ ला एक्सपी आलं ते निळी पट्टी आणि हिरवं बटण घेऊन. पण कंपनीने जुना चेहरा फेकून दिला नाही. सेटिंगमध्ये ‘क्लासिक’ निवडलं की खिडक्या पुन्हा करड्या होत. ‘स्टार्ट’ची यादीही वेगळ्या ठिकाणाहून जुन्या पद्धतीची करता येई. व्हिस्टातही या दोन्ही सोयी होत्या. विंडोज ७ मध्ये जुनी यादी गेली, पण करडा चेहरा राहिला. २६ ऑक्टोबर २०१२ ला विंडोज ८ आलं तेव्हा मात्र क्लासिक चेहरा गेलाच, वर ‘स्टार्ट’चं बटणही गायब झालं. लोक इतके वैतागले की पुढच्याच वर्षी ८.१ मध्ये बटण परत आणावं लागलं आणि २०१५ च्या विंडोज १० मध्ये यादीही.

मधल्या काळात लोक हातावर हात धरून बसले नव्हते. इव्हो बेल्चेव्ह या प्रोग्रामरने २००९ मध्ये ‘क्लासिक शेल’ नावाचा मोफत प्रोग्राम काढला होता. तो टाकला की नव्या विंडोजवर जुनी यादी मिळे. डिसेंबर २०१७ मध्ये त्याने काम थांबवलं, पण सगळा कोड खुला केला. पुढे इतरांनी तो ‘ओपन-शेल’ या नावाने चालू ठेवला.

आता हिशेब करा. एकच करडा चेहरा १९९५ पासून विंडोज ७ पर्यंत सगळीकडे सापडू शकतो. असा चेहरा पाहून काळ ठरवणं म्हणजे धोतर पाहून माणसाचं वय ठरवण्यासारखं आहे.

जुनं का हवं होतं?

मी काकांना विचारलं, नवं मशीन घेऊन जुनं रूप कशाला? ते म्हणाले, “पोरं क्लासात जे शिकून आली तेच दिसलं पाहिजे ना! आणि मशीन जरा हलकं चालायचं.”

दोन्ही कारणं खरी आहेत. विंडोज ७ ची पारदर्शक काचेसारखी सजावट ग्राफिक्सची ताकद खाते. क्लासिकमध्ये ती बंद होते. पण पहिलं कारण इतिहासाच्या दृष्टीने मोठं आहे. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालं आणि एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्यातालुक्यांत पोचले. घरातल्या कोणाचाच हात आधी माऊसला लागलेला नाही, अशा कितीतरी मुलामुलींनी फी भरून ‘स्टार्टवर क्लिक करा’ इथून सुरुवात केली. त्यांच्यासाठी पडद्याचा चेहरा ही पैसे आणि वेळ देऊन कमावलेली विद्या होती. चेहरा बदलला की ती थोडी बुडते.

पडद्याखालचा कळफलक

हीच गोष्ट मराठी टायपिंगमध्ये आणखी खोलवर दिसते. लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठी मराठी टायपिंगचा मिनिटाला ३० शब्दांचा वेग मागतात. ज्यांनी तो टंकलेखनयंत्रावर कमावला, त्यांची बोटं रेमिंग्टनच्या कळांवर बसलेली होती. भारतीय भाषांसाठी इनस्क्रिप्ट कळफलक १९९१ च्या मानकात आला, तरी पुण्याच्या सी-डॅकच्या आयएसएमसारख्या प्रोग्राममध्ये टंकलेखनयंत्राचा कळफलकही ठेवलेला असे. यंत्र नवं, कळा जुन्या.

यात एक गंमत आहे. ‘किल्ला’ लिहिताना टंकलेखनयंत्रावर आधी वेलांटी मारायची, मग ‘क’. युनिकोडमध्ये साठवण उलट: आधी ‘क’, मग वेलांटी. म्हणजे बोटांना जुनी सवय चालू ठेवायची, तर मधल्या प्रोग्रामला क्रम फिरवून द्यावा लागतो. जुनं दिसावं म्हणून आत नवं काम करावं लागतं!

जुन्या फॉन्टांचं आणखी वेगळं. त्यांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. पडद्यावर, छपाईत सगळं मराठी. फाईलच्या पोटात इंग्रजी कोड. अशा फाईलीत युनिकोडमध्ये ‘किल्ला’ शोधलात तर काही सापडणार नाही. तुम्ही मात्र निष्कर्ष काढाल की हा शब्द तिथे नाहीच. माझी फोटोची चूक आणि ही चूक एकाच जातीच्या आहेत: वरचा थर पाहून आतल्या थराबद्दल बोलणं.

मग करायचं काय?

क्षेत्रकार्यात पडदा, फोटो किंवा फाईल हाती आली की मी आता तीन प्रश्न विचारते.

पहिला: हे रूप यंत्रासोबत आलं की कोणी निवडलं? निवडलं असेल तर ती निवड हाच पुरावा आहे. माझा फोटो २००० सालच्या इंदापूरबद्दल काहीच सांगत नव्हता. पण २००९ नंतर एका दुकानदाराने शिकलेली विद्या कशी जपली, हे फार छान सांगत होता.

दुसरा: लपवता न येणारी खूण कोणती? रंग आणि बटणं बदलतात. टोकाची चिंचोळी पट्टी, फाईलचा प्रकार, फाईलमधली तारीख यांकडे आपलं सहसा लक्ष जात नाही. तिथे बघा. त्यातही एका खुणेवर विसंबू नका. फाईल कॉपी केली की तिची तारीखही बदलू शकते.

तिसरा: बोलणारा माणूस चेहऱ्याबद्दल सांगतोय की गाभ्याबद्दल? बारामतीत मला एका ताईंनी सांगितलं, “आमच्याकडे एक्सपीच आहे.” पाहिलं तर विंडोज ७, क्लासिक रूपात. हा फरक किरकोळ नाही. ८ एप्रिल २०१४ नंतर एक्सपीला सुरक्षेचे नेहमीचे अपडेट मिळणं थांबलं. जुन्या रूपातलं विंडोज ७ त्या दिवशी सुरक्षित होतं, खरं एक्सपी उघड्यावर पडलं. मी मुलाखतीतलं वाक्य तसंच उतरवलं असतं तर एका सावध बाईंना निष्काळजी ठरवून मोकळी झाले असते.

त्या फोटोचा परिच्छेद मी नव्याने लिहिला. ‘लवकर’ हा शब्द काढला. तारखेच्या जागी लिहिलं: ‘ऑक्टोबर २००९ नंतर.’ आणि काकांचं ते वाक्य, पोरं जे शिकून आली तेच दिसलं पाहिजे, प्रकरणाच्या सुरुवातीला घेतलं.