ज्याचा कॅट त्याच्या हाती

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नावाचा एक अधिकारी आहे, आणि त्याची कामे ज्या दक्षतेने सांगितली आहेत ती पाहिली म्हणजे जुगारातील कपटाचा त्या ग्रंथकाराने किती बारकाईने विचार केला होता हे ध्यानात येते. खेळ नेमून दिलेल्या एकाच जागी चालावा, कवड्या व फासे अध्यक्षानेच पुरवावेत, त्यांच्या जागी दुसरे आणणाऱ्यास बारा पण दंड व्हावा, कपटाने जिंकलेला ऐवज काढून घेऊन वर शिक्षाही करावी, आणि जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच या दराने सरकारी हक्क वसूल व्हावा, असा तो एकंदर बंदोबस्त आहे. याज्ञवल्क्य स्मृती याच्याही पुढे जाते आणि खोट्या फाशांनी खेळणाऱ्यास डाग देऊन राज्याबाहेर घालवावे असे सांगते. या साऱ्या व्यवस्थेचा आधार असा की, खेळाचे साधन खेळणाऱ्याच्या मालकीचे असू नये, ते त्रयस्थाच्या ताब्यात असावे. पुढे युरोपातील क्लबांनी आणि जुगारगृहांनीही हाच दंडक पाळला, आणि पत्त्यांचा कॅट यजमान घराचाच असावा असे ठरवून टाकले.

हा दंडक ज्या खेळाने मोडला तो 1993 सालचा आहे. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने रचलेला आणि अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील विझर्ड्स ऑफ द कोस्ट या त्या वेळी लहानशा असलेल्या कंपनीने त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये बाजारात आणलेला ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा ट्रेडिंग कार्डांचा पहिला मोठा खेळ. आत कोणते पत्ते आहेत हे ठाऊक नसलेली मोहोरबंद पाकिटे विकत घ्यावयाची, नको ते पत्ते देऊन हवे ते मिळवावयाचे, आणि या खरेदीतून व देवघेवीतून जो तो आपापला कॅट सिद्ध करून खेळावयास बसणार, ही त्याची रचना. एकाचा कॅट दुसऱ्यासारखा नसतो, आणि खेळातील निम्मे कौशल्य खेळावयास बसण्यापूर्वीच, घरी कॅट जुळविताना खर्ची पडलेले असते. आरंभीच्या नियमांत प्रत्येक डावाला आपल्याच कॅटातील एक पत्ता पणास लावण्याची तरतूदही होती. ती पुष्कळांना रुचली नाही आणि स्पर्धांतून लवकरच काढून टाकण्यात आली. परंतु पत्ता ही मालमत्ता आहे, त्याला बाजारात किंमत आहे, ही गोष्ट मात्र कायम राहिली, आणि पुढील सर्व तंट्यांच्या मुळाशी ती आहे.

1994 साली मिलवॉकी येथे पहिली जागतिक स्पर्धा भरली, आणि 1996 च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कला ‘प्रो टूर’ या रोख बक्षिसांच्या स्पर्धामालिकेचा प्रारंभ झाला. कॅटात किमान साठ पत्ते असावेत, मूळ जमिनीचे पत्ते (त्यांविषयी पुढे) वगळता एकाच नावाचे चारांहून अधिक नसावेत, कॅटाची यादी आधी लिहून द्यावी, पंचाने मागताच कॅट तपासणीस हजर करावा, असे नियम होत गेले. त्यांच्या अंमलबजावणीसाठी ‘डीसीआय’ या संक्षिप्त नावाची एक यंत्रणा कंपनीनेच उभारली, आणि निलंबित खेळाडूंची नावे जाहीर करण्याचा प्रघातही तिनेच पाडला.

येथे लबाडी कोणत्या वाटेने शिरते हे समजण्यासाठी खेळाचे एक मर्म ठाऊक असावे लागते. कॅटातील साधारण चाळीस टक्के पत्ते ‘जमीन’ या जातीचे असतात. त्यांच्यापासून शक्ती मिळते आणि त्या शक्तीवर बाकीचे पत्ते खेळता येतात. हातात नुसत्या जमिनी आल्या तर करण्यासारखे काही राहत नाही, आणि जमीन आलीच नाही तर उत्तमातील उत्तम पत्ते हातात धरून बसावे लागते. म्हणजे कॅटात पत्ते कोणत्या क्रमाने लागले आहेत यावर जयापजयाचा फार मोठा भाग अवलंबून असतो, आणि तो क्रम दैवाकडे सोपविण्याचा एकच उपाय आहे, तो म्हणजे मनापासून पिसणे. आता पिसणाऱ्याने दर दोन पत्त्यांमागे एक जमीन अशी आधीच गुंफण करून ठेवली आणि नंतर वरवर हात चालविले, तर समोरच्याला दिसते ते पिसणेच. डेव्ह बेयर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी 1992 साली दाखवून दिले की, बावन्न पत्त्यांचा कॅट दोन भाग करून एकात एक फरफरवण्याच्या नेहमीच्या पद्धतीने सुमारे सात वेळा पिसला, तरच तो समाधानकारक रीतीने मिसळतो. घाईघाईने दोनतीनदा पिसून कॅट पुढे करणारे खेळाडू सर्वत्र असतात. त्यांपैकी आळशी कोण आणि लबाड कोण, हे पंचाने कशावरून ठरवावे?

हाच प्रश्न, हेतूचा प्रश्न, या इतिहासात वारंवार उपस्थित होतो, आणि आरंभीच्या काळात पंचांना तो नीट सोडविता आला नाही असे माझे मत आहे. 1997 साली लॉस एंजेलिसच्या प्रो टूरमध्ये अंतिम सामना डेव्हिड मिल्स आणि फिनलंडचा टॉमी होवी यांच्यात चालू होता. आधी जमिनीतून शक्ती काढावी आणि मग पत्ता टाकावा, हा त्या वेळचा विहित क्रम. मिल्स सवयीने पत्ता आधी टाकी. त्यात त्याला काडीचा लाभ नव्हता, पण ताकीद मिळूनही सवय सुटली नाही, आणि पंचांनी त्याला भर अंतिम सामन्यात बाद करून विजेतेपद होवीला दिले. प्रेक्षक संतापले, पुढे मिल्सला दुसऱ्या क्रमांकाचे बक्षीस देण्यात आले. होवीने पुढल्याच वर्षी रोमची स्पर्धा जिंकून, दोन प्रो टूर जिंकणारा पहिला खेळाडू हा मान मिळविला आणि आपली योग्यता निर्विवाद केली. मिल्सला मात्र तशी संधी त्या दिवशी उरली नाही. त्याच्या उलट उदाहरण 1998 सालचे. आदल्या वर्षी पॅरिसची स्पर्धा जिंकलेल्या माइक लाँगच्या मांडीवर अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्याच्या कॅटातील कळीचा एक पत्ता सापडला. तो चुकून राहिला असे त्याचे म्हणणे. आणि त्याला स्पर्धेबाहेर काढण्यात आले नाही. म्हणजे ज्याच्या हातून निरुपद्रवी क्रमभंग झाला तो बाद, आणि ज्याच्या मांडीवर पत्ता निघाला तो खेळात! कायद्याने कृतीचे बाह्य रूप तेवढे पाहिले आणि हेतूकडे पाठ फिरविली म्हणजे असा विपर्यास होतो. 2005 साली या खेळाच्या मानकऱ्यांची नामावली सुरू झाली तेव्हा लाँग मतदानाला होता. कर्तृत्व असूनही त्याची निवड झाली नाही. पंचांनी जो निकाल दिला नव्हता तो समव्यावसायिकांनी दिला.

यथावकाश व्यवस्था सुधारली. नकळत झालेली चूक आणि जाणूनबुजून केलेली लबाडी यांत नियमांनी स्पष्ट भेद केला. आपण पिसलेला कॅट प्रतिस्पर्ध्याच्या हाती द्यावा आणि त्याने तो पुन्हा पिसावा, हे मोठ्या स्पर्धांत सक्तीचे झाले. पत्त्यांच्या पाठी झिजून ओळखू येऊ नयेत, आणि मौल्यवान पत्ते खराबही होऊ नयेत, म्हणून प्रत्येक पत्ता अपारदर्शक प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये घालण्याची रीत सर्वमान्य झाली. फेरीला पन्नास मिनिटांची मर्यादा आली. पण ज्याचा कॅट त्याच्या हाती, हे मूळ तसेच राहिल्यामुळे, यांपैकी प्रत्येक संरक्षक तटबंदीचा उपयोग पुढे कोणीतरी चोरवाट म्हणून केल्याचा आरोप आला.

घड्याळाचा आरोप 2010 चा. जपानचा तोमोहारू साइतो हा 2007 सालचा सर्वोत्तम खेळाडू, त्याची मानकऱ्यांच्या नामावलीत निवडही झालेली. फ्लॉरेन्सच्या स्पर्धेत वेळेचा लाभ घेण्यासाठी मुद्दाम संथ खेळल्याबद्दल तो बाद झाला, अठरा महिन्यांसाठी निलंबित झाला, आणि मान स्वीकारण्यापूर्वीच तो मान रद्द झाला. पिसण्याचा आरोप 2014 चा. स्पर्धांची दृश्ये तोवर घरोघरी दिसू लागली होती, आणि ती थांबवून, मागे नेऊन, पुन्हापुन्हा पाहणाऱ्या प्रेक्षकांना असे आढळले की, ट्रेव्हर हम्फ्रीज आणि जेरेड बोएचर हे प्रतिस्पर्ध्याचा कॅट पिसताना तळाच्या पत्त्यांवर नजर ठेवून नको ते पत्ते हवे तिथे बसवीत आहेत. दोघांवर दीर्घ मुदतीची बंदी आली, आणि बोएचरला मिळालेला त्या हंगामातील सर्वोत्तम नवोदिताचा किताब काढून रेमंड पेरेझ याला देण्यात आला. प्रतिस्पर्ध्याने पिसावे हा नियम लबाडीला आळा म्हणून केलेला. त्याच नियमाने दुसऱ्याचा कॅट लबाडाच्या हाती दिला.

स्लीव्हचा आरोप सर्वांत क्लेशकारक आहे. युया वातानाबे हा 2016 साली मानकऱ्यांत दाखल झालेला, एका पिढीचा आदर्श मानला गेलेला जपानी खेळाडू. 2019 च्या एप्रिलमध्ये लंडनच्या स्पर्धेत, अंतिम आठांत शिरण्याच्या सुमारास, त्याचा कॅट तपासण्यात आला. काही विशिष्ट पत्त्यांच्याच स्लीव्हवर खुणा आढळल्या असे पंचांनी ठरविले आणि त्याला बाद केले. पुढल्या महिन्यात कंपनीने त्याला तीस महिन्यांसाठी निलंबित केले, करारबद्ध खेळाडूंच्या संघातून काढले, आणि मानकऱ्यांच्या नामावलीतून त्याचे नाव पुसले. वातानाबेने आरोप नाकारला. खुणा होत्या की नव्हत्या यापेक्षा, त्या झिजेने पडल्या की नखाने पाडल्या, हा खरा वादाचा मुद्दा होता. आणि तो सर्वांच्या समाधानासाठी तपासून दाखविणारा सविस्तर अहवाल लोकांपुढे आला नाही.

या ठिकाणी ब्रिजचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. 1965 साली ब्वेनोस आइरेस येथील जागतिक स्पर्धेत इंग्लंडच्या टेरेन्स रीस आणि बोरिस शापिरो या विख्यात जोडीवर असा आरोप आला की, पत्ते धरताना बोटांची संख्या कमीजास्त करून ते बदामाचे किती पत्ते आपल्याजवळ आहेत हे एकमेकांना कळवितात. अमेरिकेच्या बी. जे. बेकरच्या लक्षात ते प्रथम आले, ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे ब्रिज-लेखक अॅलन ट्रस्कॉट यांनी टिपणे ठेवली, जागतिक संघटनेने तेथल्या तेथे दोषी ठरविले. पण ब्रिटिश संघटनेने तेवढ्यावर न थांबता सर जॉन फॉस्टर हे कायदेपंडित आणि जनरल लॉर्ड बोर्न यांच्यापुढे स्वतंत्र चौकशी चालविली. साक्षी झाल्या, उलटतपासण्या झाल्या, एकेक डाव उलगडून पाहण्यात आला, आणि 1966 च्या अहवालात निर्णय असा झाला की, बोटांविषयीची साक्ष वजनदार असली तरी ती माहिती खेळात वापरल्याचे डावांवरून दिसत नाही, सबब वाजवी संशयाचा फायदा आरोपींना मिळावा. जागतिक संघटनेने तो मानला नाही आणि 1967 मध्ये आपलाच निकाल कायम केला. कोण बरोबर हा वाद अद्याप मिटलेला नाही; परंतु वाद घालणाऱ्यापुढे दोन्ही बाजूंचे दप्तर उघडे आहे. रीसने आपली कैफियत पुस्तकरूपाने मांडली, ट्रस्कॉटनेही आपली मांडली. ब्रिजने त्यापुढेही मजल मारली: 1975 मध्ये जोडीदारांमध्ये आडपडदे आले, आणि 2016 साली युरोपीय संघटनेने फुल्व्हियो फान्तोनी व क्लाउदियो नुनेस या इटालियन जोडीवर घातलेली बंदी, टेबलावर पत्ता उभा की आडवा ठेवला यावरून संकेत दिल्याचा आरोप पुरेसा सिद्ध झाला नाही या कारणास्तव, लोझानच्या क्रीडा लवादाने 2018 मध्ये रद्द केली. खेळाडूंना तेथे स्वतःच्या संघटनेपलीकडचा एक दरवाजा ठोठावता आला.

ट्रेडिंग कार्डांच्या खेळात तसा दरवाजा नाही. पत्ते रचणारी, छापणारी, विकणारी, स्पर्धेचे नियम करणारी, बक्षिसे देणारी आणि निलंबनाचे फर्मान काढणारी कंपनी एकच आहे. ती 1999 पासून हॅस्ब्रो या खेळणी उद्योगाच्या छत्राखाली आहे. तिच्या हेतूवर मला शंका घ्यावयाची नाही. लबाडी पकडली गेलीच पाहिजे, आणि रडीचा डाव खेळणाऱ्याला बाहेर काढण्याचा तिचा अधिकार मला पूर्णपणे मान्य आहे; प्रामाणिकपणे हरलेल्या शेकडो खेळाडूंचे ते ऋण आहे. परंतु फिर्यादी, पंच आणि दुकानदार एकाच गादीवर बसले असता निकाल न्याय्य असूनही तो न्याय्य दिसत नाही, आणि मग निवाड्याची जागा चित्रफितीवर टपून बसलेला जमाव घेतो, जो 2014 मध्ये खरा ठरला म्हणून प्रत्येक वेळी खरा ठरेलच असे नाही. ज्या खेळाडूची उपजीविका, मान आणि नाव एका स्लीव्हवरील ओरखड्यावर अवलंबून आहे, त्याला त्या ओरखड्याचे छायाचित्र, मोजमाप आणि पंचाची कारणे लेखी मिळावीत, ती इतरांनाही वाचता यावीत, आणि कंपनीशी आर्थिक संबंध नसलेल्या त्रयस्थापुढे अपील करण्याची मुभा त्याला असावी. पत्ते ज्याचे त्याच्या हाती ठेवावयाचे असतील, तर निदान दप्तर तरी त्रयस्थाच्या हाती द्या, एवढीच या कंपनीकडे मागणी आहे.