तळटीप : ‘स्निफ पेट्रोल’

‘स्निफ पेट्रोल’ : मोटारी व मोटार शर्यतींची खिल्ली उडवणारे ब्रिटिश ऑनलाइन नियतकालिक. ‘टॉप गिअर’ या मोटारींवरील दूरचित्रवाणी कार्यक्रमाचे संहिता-संपादक राहिलेले रिचर्ड पोर्टर हे त्याचे कर्ते, सुरुवात २००१. याला निव्वळ टवाळी समजणे चूक आहे. त्यातला ट्रॉय क्वीफ हा काल्पनिक परीक्षक वळणावर गाडी आडवी घसरवल्याच्या फुशारक्या मारतो, आणि मोटार-समीक्षेची घासून गुळगुळीत झालेली भाषा आपोआप उघडी पडते. हा विनोद रायपूरच्या वाचकाला परका वाटेल, असा आक्षेप घेतला जाईल. मला तो पटत नाही. रायपूरच्याच टाटीबंध चौकात ट्रकांच्या गर्दीतून वाट काढणाऱ्याला जाहिरातीतल्या मोकळ्या घाटरस्त्याची लबाडी लगेच कळते. शिवाय शर्यतींवरची थट्टाही इथे परकी नाही : भारतातली फॉर्म्युला वन शर्यत (२०११–१३) खेळ की करमणूक, हा वाद करापायी न्यायालयापर्यंत गेलाच होता.