प्रश्न केवढा असावा?

“सैद्धांतिक भौतिकशास्त्रात प्रकल्प करायचा आहे, विषय सुचवा,” असे अंधेरी-बोरिवलीकडच्या कॉलेजांतले विद्यार्थी आम्हाला नेहमी विचारतात. बहुतेकांना कृष्णविवरे किंवा विश्वाची उत्पत्ती हवी असते. विषय मोठा म्हणजे संशोधन मोठे, हा समज त्यामागे असतो. तो तपासायला याच उपनगरात शिकलेल्या एका विद्यार्थ्याची हकीकत पाहू.

प्रल्हाद चुनीलाल वैद्य यांचा जन्म १९१८ मध्ये सौराष्ट्रात झाला. जोगेश्वरीच्या इस्माईल युसूफ कॉलेजात आणि पुढे मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये ते शिकले. १९४२ मध्ये ते बनारसला विष्णु वासुदेव नारळीकर यांच्याकडे संशोधनासाठी गेले. शिष्यवृत्ती नव्हती. बरोबर पत्नी आणि तान्ही मुलगी होती. साठवलेल्या पैशांवर त्यांनी सुमारे दहा महिने काढले. एवढ्या मुदतीत सुटेल असाच प्रश्न हवा होता.

व्यापक सापेक्षतावादातील ताऱ्याच्या बाहेरच्या गुरुत्वक्षेत्राची उकल श्वार्त्सशिल्ड यांनी १९१६ मध्ये दिली होती. तीत ताऱ्याबाहेरची जागा रिकामी मानली होती. पण तारा तर प्रकाशतो! सूर्य दर सेकंदाला सुमारे ४० लाख टन वस्तुमान प्रारणाच्या रूपाने गमावतो. म्हणजे बाहेरची जागा रिकामी नाही आणि वस्तुमानही स्थिर नाही. हे एक गृहीत बदलले तर आइन्स्टाइनची समीकरणे काय सांगतात? वैद्यांचे उत्तर १९४३ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये छापून आले.

सूर्यासारख्या ताऱ्यासाठी ही दुरुस्ती नगण्य आहे. पण १९६३ मध्ये क्वेसारांची ओळख पटली, कोसळणाऱ्या ताऱ्यांचा विचार जोरात सुरू झाला आणि वैद्यांच्या उकलीला मागणी आली. पुढे कृष्णविवरांच्या बाष्पीभवनाच्या अभ्यासातही ती वापरली गेली. लहान प्रश्न असा कृष्णविवरांपर्यंत पोचला.

विद्यार्थ्यांना आमचे सांगणे इतकेच. एखादी माहीत असलेली उकल घ्या. तिची प्रत्येक पायरी स्वतः करा आणि गृहीते वहीत वेगळी मांडा. त्यांतले एकच बदला. हाती दोन महिने असतील तर दोन महिन्यांचाच प्रश्न घ्या. मार्गदर्शकाला पत्र लिहिताना आपल्या आवडीचे वर्णन नको. काय वाचले, काय करून पाहिले आणि कोठे अडले ते लिहा. अशा पत्राला उत्तर देणे सोपे जाते.

शिक्षकांना याची सुरुवात अकरावीतच करता येईल. साध्या लंबकाचे सूत्र लहान कोनापुरते असते. लंबक ६० अंशांतून सोडला तर दोलनकाल किती वाढेल? उत्तर सुमारे ७ टक्के आहे, आणि ते दोरा, वजन व घड्याळ घेऊन वर्गातच पडताळता येते. जो विद्यार्थी सूत्राशेजारी ‘हे केव्हा खरे नाही?’ असे लिहायला शिकला, त्याला पुढे विषय मागत फिरावे लागत नाही.