पोकर आणि धैर्याचें गणित

पत्त्यांच्या खेळांत चांगलीं पानें हातीं येणें दैवाधीन असतें. परंतु पोकर या अमेरिकन खेळांत कोणाचीं पानें सरस, याचा निकाल लागण्यापूर्वींच पुष्कळ डाव संपतात. एकानें पैज लावली आणि इतरांनीं पानें टाकलीं, कीं मधली सारी रक्कम पानें न दाखवितां त्याची होते. म्हणून या खेळाचा इतिहास पानांपेक्षां पैजेचाच अधिक आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत न्यू ऑर्लिन्स शहरीं व मिसिसिपी नदीवरील आगबोटींत हा खेळ वाढला. पुढें दीर्घकाळ जाणत्यांचा उपदेश एकच असे : दम धरा. अमेरिकेचा प्रसिद्ध गुप्तलिपितज्ज्ञ हर्बर्ट यार्डली यानें १९५७ सालच्या आपल्या पुस्तकांत हाच मार्ग सांगितला. पानें उत्तम नसतील तर तीं टाकावीं. उपदेश खोटा नव्हे. पण जो केवळ उत्तम पानांवरच पैज लावतो, त्याचें गुपित लवकर फुटतें. तो सरसावला कीं सारे मागें सरतात, आणि चांगल्या पानांवरही त्याच्या पदरीं थोडेंच पडतें.

या अडचणीचें मर्म गणितानें उकललें. १९४४ सालीं जॉन फॉन नॉयमन व ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांनीं खेळांच्या उपपत्तीवरील आपल्या ग्रंथांत पोकरचें एक सोपें रूप घेऊन दाखविलें, कीं उत्तम पानांवर पैज लावावीच. पण अगदीं हीन पानांवरही कधीं कधीं लावावी, आणि मध्यम पानांवर स्वस्थ बसावें. मध्यम पानें उघड झाल्यावरही जिंकूं शकतात; हीन पानांस मात्र हूल देण्यावांचून गति नाहीं. डावांत शंभर रुपये आहेत आणि कोणीं पन्नासांची हूल दिली, असें समजा. तीन वेळांत एकदांच प्रतिस्पर्धी हटला, तरी शंभर मिळून दोन वेळचे पन्नास पन्नास भरून निघतात. त्याहून अधिक वेळां हटला तर तो नफाच.

या विचारास व्यवहारांत उतरविणारा खेळाडू म्हणजे टेक्ससचा डॉइल ब्रन्सन (१९३३–२०२३). लास व्हेगास येथील जागतिक स्पर्धा त्यानें १९७६ व १९७७ सालीं जिंकली आणि लवकरच आपलें तंत्र ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें. लहान लहान डाव पैजेच्या जोरावर निर्विरोध उचलावे, आणि त्या मिळकतीच्या बळावर मोठ्या डावांत थोडें उणें असतांही झुंजावें, हें त्याचें सूत्र. पैज लावणाऱ्याचा विजय दोन रीतींनीं होतो : प्रतिस्पर्धी हटला तर, किंवा पानें सरस ठरलीं तर. केवळ होकार देत बसणाऱ्यास दुसरीच वाट उरते.

तथापि दैव सुटत नाहीं. ब्रन्सनचे दोन्ही विजय दश्शी-दुर्री या क्षुद्र जोडगोळीवर झाले. १९७६ सालीं तर शेवटचें पान पडेपर्यंत तो मागेंच होता. मात्र त्या पानाची वाट पाहण्यापर्यंत तो पोंचला, तो हिशेबी धैर्यानें. गमावलें तर संसारास झळ लागेल असा पैसा डावांत घालणें हें धैर्य नव्हे. आणि हिशेब अनुकूल असतांही हात आंखडणें हा शहाणपणा नव्हे.